प्रेक्षकचित्रण, कलावीथीतील

कलासंग्रहालय, खाजगी चित्रदालन, प्रदर्शन किंवा कलाविक्रेत्याचे दुकान अशा ठिकाणी कलाकृती न्याहाळणाऱ्या माणसांचे चित्रण. यूरोपीय कलेत हा विषय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लँडर्समध्ये रूढ झाला. पुढे फ्रान्समध्ये त्याची सर्वांत समृद्ध परंपरा निर्माण झाली. कलेच्या इतिहासात त्यास स्वतंत्र चित्रप्रकाराचे स्थान सहसा दिले जात नाही. समूहचित्र, अंतर्गृहाचे दृश्य, व्यंगचित्र आणि व्यक्तिचित्र या चारही प्रकारांच्या सीमेवर तो वावरतो. ‘चित्रातील चित्र’ या जुन्या कल्पनेशी त्याचे जवळचे नाते आहे. तथापि तेथे भर असतो तो आतल्या चित्राच्या अर्थावर, तर येथे त्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसावर.

हा विषय दिसतो तितका सोपा नाही. नांगरणारा शेतकरी, कापड विणणारा कोष्टी किंवा नाचणारी स्त्री यांची क्रिया त्यांच्या शरीरातून उघडपणे व्यक्त होते. पाहणाऱ्या माणसाचे शरीर मात्र बहुधा स्थिर असते. जे काही घडते ते आत घडते. चित्रकारास मानेचा कल, पाठीमागे बांधलेले हात, पावलांमधील अंतर, कलाकृतीपासून राखलेली दूरता एवढ्याच साधनांवर काम भागवावे लागते. यात भर पडते ती एका भौमितिक अडचणीची. भिंतीवरील चित्र आणि ते पाहणाऱ्याचा चेहरा ही दोन्ही एकाच वेळी समोरून दाखविता येत नाहीत. चित्र दाखवावे, तर प्रेक्षक पाठमोरा होतो. चेहरा दाखवावा, तर त्याने चित्राकडे पाठ फिरविलेली असते किंवा चित्रच दृष्टीआड जाते. एका अंगाने दाखविलेला चेहरा हा या दोहोंतील तडजोडीचा मार्ग. निरनिराळ्या चित्रकारांनी ही अडचण कशी सोडविली, यावरून त्यांना प्रेक्षकाविषयी काय वाटत होते, हे बऱ्याच अंशी कळते. प्रस्तुत परंपरेतील चांगले आणि सामान्य यांचा निवाडाही याच कसोटीवर करता येतो.

साहित्यास ही अडचण नसते. विदर्भातील पद्मपूर येथील घराण्यातला मानला जाणारा नाटककार भवभूती (आठवे शतक) याच्या उत्तररामचरित या नाटकाच्या पहिल्या अंकास ‘चित्रदर्शन’ असेच नाव आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. शूर्पणखेचे चित्र येताच सीता भिते आणि हे केवळ चित्र आहे, अशी आठवण रामास तिला करून द्यावी लागते. पुढे सीताहरणाच्या प्रसंगापाशी मात्र तो स्वतःच व्याकूळ होतो. चित्रे पाहून सीतेच्या मनात वनात पुन्हा जाण्याची इच्छा उत्पन्न होते आणि तीच तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. चित्र पाहिल्याने माणसाचे काय होते, याचे इतके सूक्ष्म वर्णन जागतिक साहित्यातही विरळाच. नाटककार पात्रांना बोलते करू शकतो. चित्रकारास ती सोय नाही. भारतीय चित्रकलेत या विषयाची जी थोडी उदाहरणे आढळतात, ती मुख्यतः मोगल दरबारातील होत. अब्दुस्समद या चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या मध्यास काढलेल्या एका लघुचित्रात बाल अकबर आपला पिता हुमायून यास एक चित्र अर्पण करीत आहे आणि त्या इवल्याशा चित्रात हाच प्रसंग पुन्हा रेखाटलेला आहे. हे लघुचित्र आता तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. येथे चित्र हातात धरून पाहिले जाते. पाहणारा एकटा असतो आणि तो बहुधा राजा असतो. सार्वजनिक भिंतीपुढे उभा राहिलेला अनोळखी माणूस ही कल्पनाच त्या जगात संभवत नव्हती.

यूरोपातही आरंभी ती नव्हती. अँटवर्प येथील व्हिलेम व्हान हाख्ट (१५९३–१६३७) याने १६२८ मध्ये रंगविलेले कॉर्नेलिस व्हान डर खेस्ट या व्यापाऱ्याच्या चित्रदालनाचे दृश्य हे या परंपरेचे आद्य उत्कृष्ट उदाहरण होय. स्पॅनिश नेदर्लंड्‌सचे शासक आल्बर्ट आणि इझाबेला यांनी १६१५ मध्ये या दालनास भेट दिली होती. यजमान त्यांना क्वेंटिन मासाइस याचे मॅडोनाचे चित्र दाखवीत असून रूबेन्सही जवळच उभा आहे. मात्र पोलंडचा जो राजपुत्र येथे दाखविला आहे, तो अँटवर्पला आला तो १६२४ मध्ये. म्हणजे एकत्र जमलेली ही मंडळी प्रत्यक्षात कधीच एकत्र जमली नव्हती. चित्राचा हेतू नोंद करण्याचा नसून गौरवाचा आहे. ब्रूसेल्स येथे आर्चड्यूक लेओपोल्ट व्हिल्हेल्म याच्या पदरी असलेल्या डाव्हीट टेनीर्स (धाकटा, १६१०–९०) याने हाच प्रकार अधिक पद्धतशीरपणे हाताळला. आपल्या धन्याच्या दालनाची त्याने अनेक चित्रे काढली. त्यांपैकी व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयातील प्रख्यात चित्रात छतापर्यंत चौकटीला चौकट भिडवून इटालियन चित्रे लावलेली आहेत. आर्चड्यूकच्या डोक्यावर टोपी आहे. इतर सर्व जण बोडके आहेत. कोणी काय पाहावे, हे या टोपीवरूनच ठरलेले दिसते. टेनीर्सने या संग्रहातील २४३ इटालियन चित्रांची मुद्राचित्रे करवून १६६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याची दालनचित्रेही मुळात अशा सूचीचाच एक देखणा प्रकार आहेत. त्यांत चित्रे उत्तम दिसतात, मालक उत्तम दिसतो. पाहणे मात्र दिसत नाही. सांगितलेल्या भौमितिक अडचणीवर टेनीर्सने काढलेला तोडगा असा, की माणसांनी चित्रांकडे न पाहता एकमेकांकडे आणि आपल्याकडे पाहावे.

ही कोंडी प्रथम फोडली ती आंत्वान व्हातो (१६८४–१७२१) याने आणि तीही राजवाड्यातील दालनासाठी नव्हे, तर दुकानाच्या पाटीसाठी. पॅरिसमधील नोत्रदाम पुलावर झेरसें या कलाविक्रेत्याचे दुकान होते. क्षयाने खंगलेल्या व्हातोने १७२० च्या सुमारास त्या दुकानासाठी तीन मीटरहून अधिक रुंदीची पाटी रंगविली. झेरसेंच्या सांगण्याप्रमाणे केवळ आठ दिवसांत आणि तेही फक्त सकाळच्या वेळी काम करून. पंधरवड्याच्या आतबाहेरच ती पाटी उतरविली गेली, पुढे तिचे दोन तुकडे झाले आणि आता ती बर्लिनच्या शार्लोटनबुर्ख राजवाड्यात आहे. चित्रातील दुकानाची दर्शनी भिंतच व्हातोने काढून टाकली आहे, त्यामुळे पाहणारा फरसबंदी रस्त्यावर उभा राहून सरळ आत डोकावतो. डावीकडे कामगार चौदाव्या लूईचे व्यक्तिचित्र पेंढा भरलेल्या पेटीत उतरवीत आहेत. लूई १७१५ मध्ये निवर्तला होता. एक राजवट पेटीबंद होत असल्याचे इतके सहज आणि निर्मम चित्र क्वचितच कोणी काढले असेल. गुलाबी रेशमी पोशाखातील एक पाठमोरी स्त्री रस्त्यावरून दुकानात पाऊल ठेवताना त्या पेटीकडे नजर टाकते आणि तिला आत नेणारा पुरुष हात पुढे करून तिची वाट पाहतो.

उजव्या भागात पाहण्याचे जे तीन प्रकार एकत्र आले आहेत, त्यांमुळे हे चित्र सर्व परंपरेत अद्वितीय ठरते. एका मोठ्या लंबवर्तुळाकार चित्रात स्नान करणाऱ्या विवस्त्र स्त्रिया रंगविल्या आहेत. एक वृद्ध गृहस्थ गुडघे टेकून, भिंग सरसावून त्या स्त्रियांच्या अंगावर अगदी जवळून नजर रोखून आहे. त्याच्या शेजारी उभी असलेली स्त्रीही चष्म्यातूनच पाहते. पण ती वरचा वृक्षांचा भाग पाहते. चित्र एकच, अंतर एकच. डोळ्यांची वाट वेगळी. त्यापलीकडे दुकानदाराची पत्नी तिघा गिऱ्हाइकांपुढे प्रसाधनाचा एक आरसा धरून उभी आहे आणि ती तिघेही त्यात गुंग आहेत. कलेच्या दुकानातील सर्वांत एकाग्र प्रेक्षक स्वतःचे प्रतिबिंब पाहत आहेत, हे व्हातो कोठेही जोर न देता सांगून जातो. या चित्रातील उपहास बोचरा नाही. त्या वृद्धाची पाठ, त्याचा पसरलेला अंगरखा, गुडघ्याखालची फरशी ही सर्व इतक्या ममतेने रंगविली आहेत, की त्याच्या हावरेपणालाही एक प्रकारची निष्ठा प्राप्त होते. चेहरा आणि चित्र एकाच वेळी दाखविण्याचा हट्टच व्हातोने सोडून दिला व पाठमोऱ्या शरीरालाच बोलते केले. ही त्याची सूझ होती. ती पुढे दीडशे वर्षे बहुतेकांच्या ध्यानी आली नाही.

योहान झॉफनी (१७३३–१८१०) याचे ‘उफीत्सीतील ट्रिब्यूना दालन’ (१७७२–७७) हे चित्र या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत निष्फळ चित्र होय. इंग्लंडच्या शार्लट राणीने त्यास फ्लॉरेन्सला धाडले, ते मेदीची संग्रहातील श्रेष्ठ कृती रंगवून आणण्यासाठी. झॉफनीने दालनातील मांडणी आपल्या सोयीने बदलली, पित्ती राजवाड्यातूनही चित्रे आणवून घेतली आणि सारे दालन फ्लॉरेन्सच्या वाऱ्या करणाऱ्या इंग्रज सद्‌गृहस्थांनी भरून टाकले. तिशनची विवस्त्र व्हीनस भिंतीवरून उतरवून अग्रभागी आणली आहे. मेदीची व्हीनसच्या पुतळ्यामागे जमलेला घोळका जे पाहतो, त्यास कलासमीक्षा म्हणता येणार नाही. स्वतः चित्रकार रॅफेएलच्या मॅडोनाच्या चौकटीआडून डोकावतो. हयात माणसांत एकही स्त्री नाही; स्त्रिया आहेत त्या केवळ चित्रांत आणि शिल्पांत. या गर्दीमुळे राणीची इतराजी झाली आणि चित्र तिने आपल्या दालनात लावू दिले नाही. तिचा आक्षेप औचित्याचा होता. समीक्षकाचा आक्षेप निराळा आहे. येथे प्रत्येक चेहरा ओळखू यावा म्हणून आपल्याकडे वळविला आहे आणि प्रत्येक कलाकृती ओळखू यावी म्हणून तीही आपल्याकडे वळविली आहे. परिणामी माणसे आणि कलाकृती एकाच दुकानातील शेजारशेजारच्या वस्तूंप्रमाणे दिसतात. रंगकाम विलक्षण सफाईचे असूनही डोळा कोठे ठरत नाही. हाच झॉफनी पुढे १७८३ मध्ये भारतात आला आणि लखनौ येथील कर्नल मॉर्डंटच्या कोंबड्यांच्या झुंजीचे चित्र त्याने रंगविले. त्यातील गर्दीत जी धग आहे, ती ट्रिब्यूनाच्या दालनात औषधालाही सापडत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीने प्रेक्षकाची व्याख्याच बदलली. १० ऑगस्ट १७९३ रोजी लूव्हर राजवाडा सार्वजनिक संग्रहालय म्हणून उघडण्यात आला. क्रांतीच्या दहा दिवसांच्या नव्या आठवड्यात सर्वसामान्यांसाठी तीनच दिवस राखलेले होते. पण त्या तीन दिवसांत टोपी घालून आत जाण्याचा अधिकार कोणालाही होता. यूबेर रॉबेर (१७३३–१८०८) हा या संग्रहालयाच्या व्यवस्थेशी निगडित होता आणि दहशतीच्या काळात त्याने तुरुंगवासही भोगला होता. १७९६ च्या प्रदर्शनात त्याने दोन जोडचित्रे मांडली. एकात लूव्हरची भव्य कलावीथी छतातून प्रकाश घेऊन कशी सजवावी याची योजना आहे, तर दुसऱ्यात तीच वीथी काळाच्या ओघात भग्न झालेली आहे. छप्पर कोसळलेले, मोकळ्या आकाशाखाली अपोलोचा पुतळा तेवढा उभा आणि त्याच्या पायाशी बसून एक तरुण त्याचे रेखाटन करीत आहे. नुकत्याच उघडलेल्या संग्रहालयाच्या अवशेषांत शेवटचा प्रेक्षक कोण असेल, याची कल्पना करण्याचे धैर्य या गृहस्थाने दाखविले.

नव्या प्रेक्षकवर्गाचा पहिला प्रामाणिक चित्रकार म्हणून मात्र ल्वी लेओपॉल ब्वायी (१७६१–१८४५) याचेच नाव घ्यावे लागते. झाक ल्वी दाव्हीदचे नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे चित्र पाहण्यास लोटलेली गर्दी त्याने १८१० मध्ये रंगविली. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दाव्हीदच्या चित्रातील समारंभाचे प्रेक्षक मागे आणि त्या चित्राचे प्रेक्षक पुढे, अशी ही गर्दीवर गर्दी. सैनिक, गृहिणी, मुले, कलावंत यांची येथे सरमिसळ आहे. काही जण छापील पत्रक हाती धरून चित्रातील कोण कोण ते जुळवून पाहतात. हा तपशील मोलाचा आहे. सामान्य माणूस कलाकृतीपुढे येताना हाती कागद घेऊन येतो आणि आधी नावे वाचतो, मग पाहतो, हे ब्वायीने न हसता टिपले. (त्या नावांत नेपोलियनच्या मातेचेही नाव आहे, ती समारंभास हजर नव्हती, तरी दाव्हीदने तिला मध्यभागी बसविले. पत्रकावर विसंबणाऱ्यास हे कसे कळावे?)

अमेरिकन चित्रकार सॅम्युएल मोर्स (१७९१–१८७२) याच्या ‘लूव्हरचे चित्रदालन’ (१८३१–३३) या भव्य तैलचित्राची कथा निराळी आहे. आपल्या देशबांधवांना यूरोपमधील श्रेष्ठ चित्रे पाहावयास मिळत नाहीत, म्हणून त्याने ३८ चित्रे निवडून ती सर्व एका दालनात टांगलेली दाखविली. त्या दालनात ती प्रत्यक्षात तशी कधीच नव्हती. मध्यभागी मोर्स स्वतः एका विद्यार्थिनीच्या खांद्यावरून वाकून तिला मार्गदर्शन करीत आहे. येथे सर्व जण नकला करण्यात आणि शिकण्यात गढलेले आहेत. कोणीही नुसते पाहत नाही. तळमळ खरी होती, परंतु न्यूयॉर्कच्या लोकांनी चित्राकडे पाठ फिरविली. अखेरीस ते तेराशे डॉलरांना विकून टाकून मोर्सने आपले लक्ष तारायंत्राकडे वळविले. १९८२ मध्ये त्याच चित्राला साडेबत्तीस लाख डॉलर मिळाले.

ओनोरे दोम्ये (१८०८–७९) याने प्रश्नाची दुसरी बाजू धरली. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनातील लोकांवर ल शारिव्हारी या नियतकालिकासाठी त्याने वर्षानुवर्षे शिलामुद्रिते काढली. त्यांपैकी १८५२ मधील मालिका विशेष प्रसिद्ध आहे. यांतील अनेक मुद्रितांत चित्र चौकटीबाहेर राहते किंवा कोपऱ्यात अस्पष्ट दिसते आणि आपल्यापुढे उरतात ते केवळ चेहरे : आ वासलेले, भुवया उंचावलेले, काही न कळल्याने गंभीर झालेले. १८६४ मधील एका मुद्रितात व्हीनसच्या चित्रांनी गजबजलेल्या प्रदर्शनातून जाणाऱ्या दोन साध्या, प्रौढ बायका त्या विवस्त्र देवतांविषयी तक्रार करताना दिसतात. वाचकाने त्यांस हसावे, अशी नियतकालिकाची अपेक्षा असणार. परंतु चित्र पाहताना त्या बायकांची बाजूच अधिक सयुक्तिक वाटू लागते. दोम्येचा उपहास खालच्या वर्गावर फारसा रोखलेला नसतो. जाणतेपणाचा आव आणणारे त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत, अजाण सुटतात. मात्र त्याची खरी थोरवी व्यंगचित्रांहून एकांतातील संग्राहकांच्या लहान तैलचित्रांत आणि जलरंगचित्रांत आहे. मुद्राचित्रांच्या गठ्ठ्यावर झुकलेला म्हातारा, किंवा आरामखुर्चीत बसून मेजावरील व्हीनसच्या छोट्या प्रतिकृतीकडे टक लावून राहिलेला रसिक यांच्या चेहऱ्यावर अंधार अधिक आणि प्रकाश थोडा असतो. तो प्रकाश जणू समोरच्या कागदावरूनच परावर्तित झालेला असतो. पाहण्याच्या क्रियेला दृश्य रूप देण्याचा हा एक अभिनव मार्ग होता.

दोम्येच्या शिलामुद्रितांचा मोठा संग्रह बाळगणारा एद्‌गार दगा (१८३४–१९१७) याच्या हातून या विषयावरील सर्वोत्कृष्ट निर्मिती झाली. आपली सहकारी, अमेरिकन चित्रकर्त्री मेरी कॅसट (१८४४–१९२६) हिला लूव्हरमध्ये दाखविणारी अम्लरेखने त्याने १८७९-८० च्या सुमारास केली. ती काढण्याचे मूळ निमित्त असलेले नियतकालिक कधी निघालेच नाही. ‘एट्रुस्कन दालन’ या रेखनात काचेच्या पेटीत सर्व्हेतेरी येथील मृत्तिकाशिल्पाची शवपेटी आहे. तिच्यावर एक दांपत्य मंचकावर रेलून बसले आहे. पेटीसमोर कॅसट पाठमोरी उभी आहे. तिने एका बाजूला रोवलेल्या छत्रीवर शरीराचा भार टाकला आहे आणि मान किंचित कलती केली आहे. पुढे बाकावर बसलेली स्त्री – ती कॅसटची बहीण लिडिया असावी – मार्गदर्शक पुस्तिका तोंडासमोर धरून तिच्या कडेवरून वर पाहते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते मातीचे दांपत्य काचेआडून प्रसन्न मुद्रेने बाहेर पाहत आहे. चित्रातील संपूर्ण दिसणारे चेहरे तेवढेच. जे पाहिले जात आहे त्याला चेहरा आहे आणि जी पाहते तिला नाही. परंतु त्या पाठीच्या रेषेत, छत्रीला रेललेल्या हातात, टाचेवर पेललेल्या भारात लक्ष लागलेल्या माणसाचे सर्व काही उतरले आहे.

‘चित्रदालन’ या दुसऱ्या रेखनात त्याने याच दोघींना जपानी स्तंभचित्रांसारख्या उंच आणि अरुंद अवकाशात आणले. एका दाराच्या संगमरवरी चौकटीने लिडियाचा बराचसा भाग झाकून टाकला आहे. भिंतीवरची चित्रे तर नुसत्या खुणा झाल्या आहेत. कोणते चित्र, कोणाचे, हे कळत नाही आणि कळण्याची गरजही उरत नाही. टेनीर्सच्या भिंतीवरील प्रत्येक चित्र ओळखता येत होते, पण तेथे पाहणारा कोणी नव्हता. येथे एकही चित्र ओळखता येत नाही आणि पाहणारी मात्र निःसंशय पाहत आहे.

या संदर्भात एक गोष्ट नोंदविली पाहिजे. संग्रहालयास भेट देणाऱ्या स्त्रियांची तैलचित्रेही दगाने रंगविली. इंग्रज चित्रकार वॉल्टर सिकर्ट (१८६०–१९४२) याने सांगितलेल्या आठवणीनुसार अशा एका चित्रात, चित्रांपुढे आल्यावर स्त्रियांना काहीच न जाणवता जो आदरयुक्त कंटाळा येतो, तो आपणास दाखवावयाचा आहे, असे दगा म्हणाला होता. स्त्रियांविषयीचे त्याचे अनेक उद्‌गार याच जातीचे आहेत. परंतु वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलावीथीतील त्याचे पाठमोऱ्या स्त्रीचे चित्र पाहताना हे विधान टिकत नाही. ती स्त्री कंटाळलेली आहे, असे ठरवावयाचेच झाले, तर ते चित्रकाराच्या सांगण्यावरून ठरवावे लागते, चित्रावरून नव्हे. कॅसटच्या बाबतीत तर ते सर्वथा खोटे आहे. ती स्वतः समर्थ चित्रकर्त्री होती आणि तिच्या उभे राहण्यातच तिचा अधिकार दिसतो. हाताने जे पाहिले, ते जिभेला कबूल नव्हते, एवढाच याचा अर्थ. कॅसटने या प्रश्नावर आपले म्हणणे रंगांतून आधीच मांडले होते. तिच्या १८७८ च्या एका चित्रात नाट्यगृहाच्या सज्जात बसलेली, काळ्या वेषातील स्त्री दुर्बीण लावून एकाग्रपणे पाहते आणि मागच्या सज्जातील एक पुरुष आपली दुर्बीण नेमकी तिच्यावर रोखतो. पाहणाऱ्या स्त्रीकडे कोणीतरी पाहत असतोच, हे तिने दगापेक्षा अधिक स्पष्टपणे जाणले होते. आपल्याकडे लक्ष आहे याची त्या स्त्रीला पर्वा नाही, हेही.

कास्पार डाव्हीट फ्रीड्रिख (१७७४–१८४०) या जर्मन चित्रकाराने पाठमोरी आकृती निसर्गदृश्यात यापूर्वीच प्रतिष्ठित केली होती. परंतु समुद्रापुढे किंवा धुक्यापुढे उभा राहिलेला माणूस अनंतापुढे उभा असतो व त्यास आपोआप एक गांभीर्य लाभते. लूव्हरच्या फरशीवर, पुस्तिका आणि छत्री सांभाळीत उभ्या असलेल्या स्त्रीला ते मिळवून देणे अधिक अवघड.

त्यानंतरच्या काळात हा विषय बहुधा विनोदाच्या किंवा प्रतिष्ठितांच्या नामावळीच्या पातळीवर उतरला. विल्यम पॉवेल फ्रिथ (१८१९–१९०९) याच्या रॉयल अकॅडेमीतील १८८१ च्या खाजगी दर्शनसोहळ्याच्या चित्रात (१८८३) ऑस्कर वाइल्डभोवती चाहत्यांचा गराडा आहे. समाजेतिहासाचे साधन म्हणून ते उपयुक्त आहे, एवढेच. नॉर्मन रॉकवेल (१८९४–१९७८) या अमेरिकन चित्रकाराचे ‘जाणकार’ हे १९६२ मध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. करड्या पोशाखातील एक पाठमोरा, वयस्कर गृहस्थ जॅक्सन पॉलॉकच्या (१९१२–५६) पद्धतीने रंग ठिबकवून, शिंपडून केलेल्या एका भल्या मोठ्या चित्रापुढे उभा आहे. टोपी आणि छत्री हाती आहेत. तो रागावला आहे, की भारावला आहे, की केवळ थांबला आहे, हे समजण्यास मार्ग नाही. लाखो वाचकांना हसविण्याची सोपी संधी समोर असताना रॉकवेलने ती घेतली नाही. शिवाय ते ठिबक-चित्र त्याने स्वतः मन लावून केले. दगानंतर पाठीचा इतका समजूतदार उपयोग चित्रकलेत फारसा झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाचा वारसा छायाचित्रणाकडे गेला. जर्मन छायाचित्रकार टोमास श्ट्रूट (१९५४– ) याने १९८९ पासून मोठ्या आकाराची संग्रहालय-छायाचित्रे घेतली. शिकागोच्या कलासंस्थेत घेतलेल्या १९९० च्या छायाचित्रात पॅरिसच्या पावसाळी रस्त्याच्या काईबोतकृत प्रसिद्ध चित्रासमोर एक स्त्री बाबागाडी घेऊन उभी आहे. चित्रातील छत्रीधारी माणसे आणि ती जवळजवळ एकाच उंचीची दिसतात. आणखी एक पाऊल टाकले, तर गाडी त्या ओल्या फरसबंदीवर जाईल, असे वाटते. २००४ मध्ये फ्लॉरेन्स येथे मायकेलअँजेलोच्या डेव्हिडसमोर जमलेल्या लोकांची त्याने जी मालिका केली, तिच्यात डेव्हिड मुळीच दिसत नाही. दोम्येचीच युक्ती, पण विनोद वगळून. उन्हाळी कपड्यांतील, घामाघूम झालेली, पायांनी दमलेली माणसे तोंडे वर करून उभी आहेत. काही भारावलेली, काही श्रवणयंत्र कानाशी धरून सूचना ऐकणारी, काही भलतीकडेच पाहणारी. चित्रकारास जे निवडावे लागत होते, ते सर्व येथे एकाच क्षणी एका पट्टीत आले आहे. त्यामुळेच की काय, एवढ्या चेहऱ्यांतून एकाही माणसापाशी आपण फार वेळ थांबत नाही. दगाच्या पाठीपाशी थांबतो तितका तर नाहीच.

इटालियन कलावंत जूल्यो पाओलीनी (१९४०– ) याने १९६७ मध्ये या सर्व परंपरेचा रोखच उलटविला. सोळाव्या शतकाच्या आरंभी लोरेंत्सो लोत्तो याने रंगविलेल्या एका अनामिक तरुणाच्या व्यक्तिचित्राची कृष्णधवल छायाचित्र-प्रत त्याने जशीच्या तशी, मूळ आकारात मांडली व तिला ‘लोरेंत्सो लोत्तोकडे पाहणारा तरुण’ असे नाव दिले. तो तरुण आपल्याकडे सरळ पाहत आहे. चित्र रंगविले जात असताना तो ज्याच्याकडे पाहत होता, त्या लोत्तोच्या जागी आता संग्रहालयात आलेला माणूस उभा असतो.